खो देण्याची वेळ

खो-खोत एकट्याने धावून गडी बाद करणे जवळजवळ अशक्य असते. शाळकरी खेळाडू घडू लागतो तो हे उमजल्यापासून. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत पोचल्याशिवाय मागे वळता येत नाही. धावणारा मात्र बसलेल्या गड्यांमधून हवा तिकडे निसटतो. तो पलीकडे गेला की पायांतला वेग कामाचा राहत नाही. त्या बाजूला तोंड करून बसलेल्या सोबत्याच्या पाठीला हात लावून ‘खो’ द्यायचा आणि पाठलाग त्याच्या हवाली करून त्याच्या जागी बसायचे, एवढेच हाती उरते.

पाचवी-सहावीतला चपळ मुलगा मैदानावर येतो तो पळण्यासाठी. त्याला आधी शिकावे लागते बसणे. नऊपैकी आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून उकिडवे बसलेले असतात. टाच उचललेली, बोटे मातीला टेकलेली, नजर धावणाऱ्यावर आणि कान पाठीमागे. खो मिळण्याआधी उठले तर फाऊल, मिळाल्यावर क्षणभर रेंगाळले तर गडी हातचा जातो. बाहेरून स्तब्ध आणि आतून तयार राहण्याचा इतका कडक सराव दुसऱ्या कोणत्याही खेळात या वयाला मिळत नसावा.

त्याहून अवघड असते खो वेळेवर सोडणे. धावणारा हातभर अंतरावर असतो, प्रेक्षक ओरडत असतात आणि आणखी दोन पावलांत आपणच त्याला गाठू, असे वाटत असते. नवखा खेळाडू तो मोह धरून ठेवतो आणि गडी निसटतो. मुरलेला खेळाडू आधीच खो देतो. गुणपत्रकावर बाद करणाऱ्याचे नाव लागते, पण तो बळी तीन-चार खोंनी मिळून घेरलेला असतो. संघातल्या सगळ्यांना ते ठाऊक असते. चौदा वर्षांच्या मुलाला हा मान पुरेसा वाटू लागला की प्रशिक्षकाचे निम्मे काम झालेले असते.

पाळी बदलली की हाच खेळाडू उघड्यावर येतो. तीन-तीन जणांची तुकडी आत उतरते. प्रौढ गटात पाळी नऊ मिनिटांची असते आणि एकेका सेकंदाला किंमत असते. कोणी साखळी खेळतो, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी धावतो. कोणी खांबाजवळ गोल फिरत हुलकावण्या देतो. सोबतचे दोघे दम घेत असताना पाठलाग आपल्या अंगावर घेणे ही तुकडीतली खरी मैत्री. सूर मारून बाद केलेला गडी गुडघ्यावरची माती झटकत बाहेर बसतो आणि तिथूनच उरलेल्यांना ओरडून दिशा सांगतो. हरलेल्या क्षणीही संघाच्या उपयोगी पडणे त्याला याच जागी जमू लागते.

या खेळाला 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद सपाट जमीन, दोन खांब आणि फक्कीच्या रेषा पुरतात, म्हणून तो खेड्यातल्या शाळेतही रुजला. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातली सारिका काळे अशाच मातीतून पुढे आली. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने भारतीय महिला संघाचे नेतृत्व करत सुवर्णपदक मिळवले आणि 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. तेथे भारताच्या महिला आणि पुरुष या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते.

दहावी जवळ आली की घरचे सराव बंद करतात आणि शाळा खेळाचा तास गणिताला देते. मुलींच्या बाबतीत हे बहुधा आणखी लवकर होते. नेमक्या याच वयात खेळाडूला खो कधी द्यावा हे कळू लागलेले असते. पालकांनी आणि मुख्याध्यापकांनी संध्याकाळचा एक तास त्याच्याकडून काढून घेऊ नये.