उत्तर आहे का, आणि किती?

लोड फ्लो, म्हणजे विजेच्या जाळ्यातली व्होल्टेजं काढायचं गणित, कन्व्हर्ज होत नाही म्हणून एखादा नवा सहकारी लॅपटॉप घेऊन येतो तेव्हा उपाय त्याच्याकडे तयारच असतात. इटरेशनची मर्यादा वाढवू, सुरुवातीची व्होल्टेजं बदलू, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघू. मी त्याला आधी एवढंच विचारते, की या जाळ्याला उत्तर आहे हे कशावरून?

तो गोंधळतो, आणि ते साहजिक आहे. वीज वाहतेय म्हणजे प्रत्येक बसबारवर काही ना काही व्होल्टेज असणारच, ही इंजिनीअरची रास्त समजूत. पण आम्ही ज्याचा अभ्यास करतो ते जाळं बहुधा उद्याचं असतं. पुढच्या मे महिन्यातला भार, एक लाईन बंद, एक संच दुरुस्तीला. असं जाळं चालूच शकणार नाही, हीसुद्धा एक शक्यता असते. मग मी कागद पुढे ओढते. एक जनरेटर, एक लाईन, एक भार. लाईनचा फक्त रिॲक्टन्स धरायचा, भाराचा पॉवर फॅक्टर एक. भाराच्या टोकाचं व्होल्टेज काढायला बसलं की त्या व्होल्टेजच्या वर्गाचं वर्गसमीकरण समोर येतं. दहावीला शिकलेला विवेचक काढायचा. भार कमी असेल तर दोन उत्तरं मिळतात. एक वरचं व्होल्टेज, ज्यावर आपण ग्रिड चालवतो, आणि एक खालचं, जिथे कुणालाच जायचं नसतं. भार वाढवत नेला की ही दोन्ही उत्तरं एकमेकांकडे सरकतात. जनरेटरच्या व्होल्टेजचा वर्ग भागिले रिॲक्टन्सची दुप्पट, एवढा भार झाला की दोन्ही एक होतात. त्याच्या पुढे विवेचक ऋण. उत्तर नाही. सॉफ्टवेअर कोणतंही घ्या.

खऱ्या जाळ्यात हजारो बस असतात आणि तिथे असा विवेचक हाताशी नसतो. न्यूटनची पद्धत लावावी लागते. टिनी आणि हार्ट या अमेरिकन इंजिनीअरांनी १९६७मध्ये ती लोड फ्लोसाठी नीट बसवून दिली आणि आजची जवळजवळ सगळी सॉफ्टवेअर त्याच वाटेने जातात. ती पद्धत अडली, की अडण्याची कारणं मुळातच वेगळी असू शकतात. सुरुवात चुकीच्या जागेवरून झाली असेल, किंवा जाळंच त्या कड्यावर पोचलं असेल, जिथे जॅकोबियन मॅट्रिक्सचा व्यस्त उरत नाही. पहिल्या कारणासाठी बटणं दाबायची. दुसऱ्यासाठी कपॅसिटर बँक लावायची, नाहीतर भार कमी करायचा. पडद्यावर मात्र दोन्ही वेळा एकच ओळ उमटते.

‘उत्तर आहे का’ हा प्रश्न मला गणिताने दिला आणि ‘किती’ हा विजेने. दोन्ही मी एकाच कॅम्पसवर शिकले. गोव्यात झुआरीनगरच्या पठारावर बिट्स पिलानीचा कॅम्पस २००४मध्ये सुरू झाला. तिथे पाच वर्षांचा दुहेरी पदवीचा अभ्यासक्रम असतो. प्रवेश गणिताच्या एम.एस्सी.ला मिळतो आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर बी.ई.ची शाखा ठरते. मला इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स मिळाली. सकाळी टोपॉलॉजी आणि दुपारी मशीन लॅब, असा दिवस असायचा. दुपारच्या लॅबमध्ये इंडक्शन मोटरच्या आवाजावरून भार ओळखायला शिकवणारे इन्स्ट्रक्टर होते. सकाळच्या वर्गात ‘हे उघड आहे’ असं कुणी म्हटलं की खडू खाली ठेवून वाट बघणाऱ्या मॅडम होत्या. दोघांचंही माझ्यावर ऋण आहे.

दोन विषयांची खरी गाठ पडली ती डेल्टा फंक्शनवर. सिग्नल्सच्या तासाला सर सांगत, की हे फंक्शन शून्य सोडून सगळीकडे शून्य आहे आणि त्याखालचं क्षेत्रफळ एक आहे. त्याच सत्रात रिअल ॲनालिसिसमध्ये आम्ही सिद्ध करत होतो, की एका बिंदूखेरीज सगळीकडे शून्य असलेल्या फंक्शनचं इंटिग्रल शून्यच येतं. एकाच वहीच्या दोन बाजूंना ही दोन विधानं होती. वर्गातल्या बहुतेकांनी दोन वेगळ्या वह्या करून प्रश्न मिटवला. मला ते जमलं नाही. पुढे फंक्शनल ॲनालिसिसमध्ये उलगडा झाला. डेल्टा हे फंक्शनच नाही. कोणतंही गुळगुळीत फंक्शन त्याच्या हाती द्या, ते शून्यापाशी असलेली त्याची किंमत परत देतं. तो एक नियम आहे, आणि त्या नियमालाच वस्तू मानायचं. लोरां श्वार्त्झने १९४०च्या दशकात या वस्तूंचं पक्कं शास्त्र उभं केलं आणि १९५०मध्ये त्याला फील्ड्स पदक मिळालं.

पण त्याच्या कितीतरी आधी हे चिन्ह पॉल डिरॅकने सर्रास वापरलं होतं. डिरॅकने १९२१मध्ये ब्रिस्टलला इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतली. महायुद्धानंतरच्या मंदीत नोकरी मिळाली नाही, म्हणून तिथेच दोन वर्षं गणित शिकला आणि १९२३मध्ये केंब्रिजला गेला. त्याच्याही आधी ऑलिव्हर हेव्हिसाइड होता. हा एके काळचा टेलिग्राफ ऑपरेटर, विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला. डिफरन्शिएशनच्या क्रियेलाच एखाद्या अक्षरासारखं गुणायचा, भागायचा, आणि उत्तरं बरोबर आणायचा. सिद्धता नाही म्हणून गणितज्ञ त्याच्यावर रागावले. तो राग अप्पलपोटा होता असं मला वाटत नाही. आपली पद्धत कुठे चालते आणि कुठे फसते, हे हेव्हिसाइडला त्याच्या हाताला कळत होतं. दुसऱ्याच्या हाताला ते कळावं तर सिद्धता लागतेच. हाय व्होल्टेज लॅबमध्ये विजेच्या कडकडाटाची नक्कल करणारा धक्का देतात, तो १.२ मायक्रोसेकंदांत चढतो आणि ५० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येतो. खरा डेल्टा तिथे कुणीच देत नाही. तरी तो धक्का डेल्टासारखा कधी धरायचा आणि ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगसाठी कधी धरायचा नाही, हे ठरवताना मला ती वही उपयोगी पडते.

प्रोटेक्शनच्या कामात पडल्यावर दुसरा धागा हाती आला. लाईनच्या टोकाशी बसलेला डिस्टन्स रिले व्होल्टेजला करंटने भागतो. भागाकार संमिश्र संख्येत येतो. फॉल्ट जवळ असेल तर ती संख्या लहान, लांब असेल तर मोठी. कागदावर एक वर्तुळ काढलेलं असतं, शून्यातून जाणारं. संख्या वर्तुळात शिरली की ट्रिप. याला म्हो कॅरॅक्टरिस्टिक म्हणतात आणि प्रोटेक्शनवाल्या प्रत्येकाला ते झोपेतही काढता येतं. कॉम्प्लेक्स ॲनालिसिसमध्ये मी शिकले होते, की शून्यातून जाणाऱ्या वर्तुळातल्या प्रत्येक संख्येचा व्यस्त घेतला तर वर्तुळाची सरळ रेषा होते आणि आतला भाग रेषेच्या एका बाजूचं अर्धं पटांगण होतो. म्हणजे व्होल्टेजला करंटने न भागता उलट भागलं, तर रिलेला फक्त ‘रेषेच्या पलीकडे की अलीकडे’ एवढंच बघायचं असतं. परीक्षेसाठी पाठ केलेलं चित्र असं पॅनलमध्ये बसलेलं सापडलं, त्या दिवशी मी ज्याला त्याला धरून ते सांगत होते.

या वर्तुळाने ३० जुलै २०१२च्या रात्री काय केलं, ते आमच्या पिढीच्या प्रोटेक्शन इंजिनीअरांनी पुन्हा पुन्हा वाचलेलं आहे. मध्य प्रदेशातली ४०० केव्हीची बीना-ग्वाल्हेर लाईन झोन-३वर ट्रिप झाली आणि पाठोपाठ उत्तरेची सगळी ग्रिड कोसळली. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तीन ग्रिड गेल्या. साठ कोटींवर लोक अंधारात. आपली पश्चिमेची ग्रिड तगली. त्या लाईनवर फॉल्ट नव्हता. चौकशी समितीने जी कारणं दिली त्यांत हे एक होतं, की जड भार आणि पडलेलं व्होल्टेज यांमुळे रिलेला भारच फॉल्टसारखा दिसला. आकडेमोड छोटी आहे. रिलेला दिसणारा इम्पिडन्स म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले भार. उदाहरणादाखल, ४०० केव्हीवर १००० एमव्हीए वाहत असतील तर १६० ओहम. व्होल्टेज ३८०वर उतरलं आणि भार १५०० झाला तर ९६ ओहम. शेजारच्या लाईनलाही पाठीमागून सांभाळायचं म्हणून झोन-३चं वर्तुळ मोठं ठेवलेलं असतं. भार चालत चालत त्यात येतो. यात रिले नादुरुस्त नव्हता. ‘वर्तुळात असेल तर फॉल्ट’ या वाक्यामागे ‘भार वर्तुळापासून लांब राहतो’ अशी एक अट दडलेली होती आणि त्या रात्री ती पाळली गेली नाही. गणिताच्या वर्गात प्रमेय सांगताना अटी आधी म्हणाव्या लागायच्या. एक अट गाळली की गुण गेले. तेव्हा तो जाच वाटायचा. आता सेटिंगच्या प्रत्येक कागदावर मी आकड्याच्या शेजारी अट लिहायला लावते. हा आकडा कोणत्या भारापर्यंत, कोणत्या व्होल्टेजपर्यंत, कोणती लाईन चालू असताना खरा?

गणित आणि वीज यांना वेगळं मुळात कधी मानलं गेलं, याचंच मला नवल वाटतं. किरखॉफने १८४५मध्ये आपले दोन नियम मांडले तेव्हा तो कोनिग्सबर्गमध्ये विद्यार्थी होता, एकवीस वर्षांचा. दोन वर्षांनी त्याने दाखवलं, की सर्किटमधली स्वतंत्र लूप मोजायची तर शाखांतून बिंदू वजा करून एक मिळवायचा. त्यासाठी त्याने तारांच्या जाळ्यातून झाडासारखा सांगाडा बाजूला काढला. ऑयलरने १७३६मध्ये ज्या पुलांचं कोडं सोडवून आलेखशास्त्राचा पाया घातला, ते पूलही याच गावातले. पुढे क्लॉड शॅनन. मिशिगन विद्यापीठातून १९३६मध्ये त्याने दोन पदव्या घेतल्या, एक इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची आणि एक गणिताची. पुढच्याच वर्षी एमआयटीत लिहिलेल्या प्रबंधात त्याने बूलचं १८५४चं तर्काचं बीजगणित रिलेच्या काँटॅक्टना लावलं. मालिकेतले दोन काँटॅक्ट म्हणजे ‘आणि’, समांतर जोडलेले म्हणजे ‘किंवा’. जुन्या सबस्टेशनमध्ये ट्रिप सर्किटचं ड्रॉइंग उघडते तेव्हा मी तेच बीजगणित वाचत असते. संगणकाची सुरुवात म्हणून शॅननचं नाव घेतात. माझ्या लेखी तो आधी रिलेवाला आहे.

मी शिकले त्या दुहेरी पदवीच्या अभ्यासक्रमाबद्दल एक खंत आहे, आणि ती कोणा एका संस्थेबद्दल नाही. अशा दुहेरी पदव्यांकडे येणाऱ्या पुष्कळ मुलांची नजर इंजिनीअरिंगवर असते आणि गणित ही तिथवर पोचायची पायरी असते. आईवडिलांनी तसंच सांगितलेलं असतं, नोकरीच्या मुलाखतीतही तसंच धरतात. वेळापत्रक दोन विषय एका दिवसात बसवतं, पण त्यांना जोडायचं काम ज्याचं त्याने करायचं. जोडायला वेळ मिळत नाही, कारण दोन्हीकडच्या परीक्षा एकाच आठवड्यात असतात. शेवटच्या वर्षात एक तरी तास असा असावा, जिथे एक गणिताचे आणि एक विजेचे शिक्षक एकत्र उभे राहून एकच गणित सोडवतील, आणि मुलांना त्यांचे मतभेद ऐकू येतील. लोड फ्लो त्यासाठी उत्तम विषय आहे. डेल्टा तर आहेच.

आणि सिद्धतेवर फार विसंबणाऱ्या मुलामुलींना मी सांगते, की मशीन लॅब चुकवू नका. ब्रेकरचा काँटॅक्ट जळका वास सोडतो, सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) सॅच्युरेट झाली की तरंग मध्येच कापल्यासारखा दिसतो, बेअरिंग हाताला गरम लागतं. हे कुठल्याही प्रमेयात नाही. शिवाय कंट्रोल रूममध्ये ‘उत्तर आहे का’ याचा विचार करत बसायला सवड नसते. तिथे आकडा द्यावा लागतो, आणि जबाबदारी घेऊन द्यावा लागतो.

सध्या माझ्या टेबलावर सौर पार्कना जोडणाऱ्या लाईन आहेत. राजस्थानात भडल्याला २,२४५ मेगावॅटचा पार्क उभा आहे, आणि तशा जागांची यादी वाढतेच आहे. तिथे जनरेटर नाहीत, इन्व्हर्टर आहेत. फॉल्ट झाला की जुना जनरेटर आपल्या रेटेड करंटच्या कित्येक पट ओततो. इन्व्हर्टर सव्वा-दीडपटीच्या फारसा पुढे जात नाही, आणि तो करंट कोणत्या कोनात द्यायचा हे त्याचा कंट्रोलर ठरवतो. फोर्टेस्क्यूने १९१८मध्ये दाखवलं होतं, की तीन फेजचे कसेही विस्कटलेले करंट तीन समतोल संचांत फोडता येतात. एकाची घनमुळं वापरून केलेली ती फोड आजही शंभर टक्के खरी आहे. पण तिच्या आधाराने ‘फॉल्ट कोणत्या फेजवर’ हे ओळखणारे रिलेमधले नियम असं धरून चालतात, की मागचा स्रोत त्या संचांपैकी एकाला, निगेटिव्ह सिक्वेन्सला, ठरावीक इम्पिडन्ससारखा वागेल. इन्व्हर्टर तसा वागायला बांधील नाही. प्रमेय शाबूत आहे आणि अट गेली आहे. म्हणून आम्ही रिलेतला एकेक नियम काढून त्याखाली त्याची अट लिहितोय, इन्व्हर्टरचं मॉडेल लावून ती तपासतोय, आणि जिथे ती टिकत नाही तिथे लाईनच्या दोन्ही टोकांचे करंट जुळवून बघणारं डिफरन्शियल प्रोटेक्शन सुचवतोय. त्याला दोन्ही टोकांमध्ये भरवशाचा फायबर लागतो. तो प्रत्येक लाईनवर मिळेलच असं नाही, आणि जिथे नाही तिथलं काम अजून चालू आहे.