म्हैस ओरडत नाही म्हणून

हाताखाली पशुवैद्यकीय इंटर्नशिपची मुलं येऊ लागली, की एकच प्रश्न मला पुन्हा छळतो : आम्ही त्यांचा हात बसवतो, की मनही निबर करतो? ब्रिटनमधल्या पशुवैद्यक विद्यार्थ्यांची एलिझाबेथ पॉल आणि अँथनी पॉडबर्सेक यांनी केलेली पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. कुत्रा, मांजर, गाय यांना भूक, वेदना, भीती, कंटाळा किती जाणवतो, याचा अंदाज वरच्या वर्षांतली मुलं खालच्या वर्षांतल्यांपेक्षा कमी लावत होती. तीच मुलं वर्षानुवर्षं तपासलेली नव्हती, तेव्हा तो पिढीचा फरक असेल, ही शंका रास्त आहे. पण मज्जासंस्था शिकलेल्याने वेदना कमी मानावी, हे ज्ञानामुळे होत नाही. मुलं पुस्तकाआधी शिक्षकाचे हात वाचतात. वासराची शिंगं डागताना शिक्षकाने शिंगाची नस बधिर केली नाही, तर धडा तिथेच पक्का होतो.

अडचण खरी आहे ती गाईम्हशींची वेदना ओळखण्याची. शिकार होणाऱ्या जातीचं जनावर दुखणं लपवतं. रवंथ थांबतो, कान मागे पडतात, दात करकरतात, ते कळपापासून बाजूला उभं राहतं, बस, एवढंच. खोड्यातल्या म्हशीच्या गप्प राहण्याला आम्ही सोसणं म्हणतो आणि पुढचं जनावर घेतो. आमच्या मकरपुऱ्यात, साऱ्या वडोदऱ्यातच, उत्तरायणाला मांज्याने कापलेल्या कबुतरासाठी माणसं धावतात. ते योग्यच आहे. कुत्र्याला टाके घालताना मालक समोर असतो, म्हणून वेदनाशामक विसरत नाही. गोऱ्ह्याच्या खच्चीकरणाला असा साक्षीदार नसतो. १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदाही शिंगं काढणं, खच्चीकरण, डागणी, वेसण यांना विहित पद्धतीच्या अटीवर कलम ११ मधून सूट देतो. पण कायद्याने माफ केलेली वेदना जनावराला माफ नसते.

पशुपालकाला खर्च परवडत नाही, असं सांगतात. बधिर करणारं लिग्नोकेन महाग नाही. गिधाडांना मारणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाच्या जनावरांसाठीच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली, तेव्हा पर्याय म्हणून पुढे आलेलं मेलॉक्सिकॅमही नाही. महाग वाटतात ती सुई टोचल्यावर औषध भिनेपर्यंत थांबण्याची मिनिटं. कारण आम्हाला वेगाचा गर्व असतो. ‘साहेबांचा हात चपळ,’ हे ऐकायला मला आजही आवडतं, आणि झटपट काम उरकणाऱ्या समव्यावसायिकाचा हेवाही वाटतो. हळव्या मनाने हात कापतो, हा जुन्या शिक्षकांचा आक्षेपही टिकत नाही : बधिर केलेलं जनावर स्थिर राहतं, चिरा सरळ येतो, लाथ बसत नाही. मन निबर करून मिळणारी स्थिरता औषधाने मिळत असेल, तर मन निबर करण्याचं काहीच कारण उरत नाही. म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेत मात्रा अचूक सांगून सुई टोचल्याबरोबर सुरी उचलणाऱ्या मुलाला मी नापास करेन, त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला असला तरी.