वहीच्या मागच्या पानांवर

कृतज्ञतेची वही मी मनापासून लिहीत होते, त्याच काळात माझ्या जवळची दोन माणसं माझ्यामुळे दुखावली. वही लिहिण्यात काही चुकीचं नव्हतं. पण तिच्याकडून मी जे करून घेऊ पाहत होते, ते चुकीचं होतं. ही सवय नव्याने लावून घेणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून माझ्या चुका जशा झाल्या तशा सांगते.

खुब्याचं हाड मोडून आई अंथरुणाला खिळली, तेव्हा माझी झोप गेली आणि चिडचीड वाढली. रोज झोपण्याआधी दिवसभरातल्या पाच चांगल्या गोष्टी लिहून काढ, असं एका मैत्रिणीने सुचवलं. सल्ला हवेतला नव्हता. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या पहिल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, कृतज्ञ वाटावं अशा गोष्टी लिहिल्या, तर काहींनी त्रासाच्या. पहिल्या गटाला आपलं आयुष्य अधिक समाधानाचं वाटलं.

मलाही सुरुवातीला बरं वाटलं. नळाला वेळेवर पाणी आलं, आईने पोळी पूर्ण खाल्ली, गॅलरीतल्या मोगऱ्याला कळी आली, असं लिहिताना मन निवायचं. पुढे मात्र त्याच त्या ओळी हात आपोआप लिहू लागला. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही, हे मी नंतर वाचलं. रोज लिहायचा माझा हट्ट ही पहिली चूक. ती लहान होती आणि लवकर सुधारली.

दुसरी चूक मोठी. लिहिण्यासारखं काही सुचेनासं झालं, की मी आपल्यापेक्षा वाईट स्थितीतल्या माणसांकडे बघायचे. रुग्णालयात आईच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंना भेटायला कोणी येत नव्हतं, आपल्या आईला निदान आम्ही आहोत, अशा ओळी वहीत येऊ लागल्या. दुसऱ्याच्या दुःखावर स्वतःचं समाधान उभं करतोय, हे माझ्या लक्षातही आलं नाही. एमन्स आणि मॅकलॉ यांच्या दुसऱ्या प्रयोगात एका गटाला नेमकं हेच सांगितलं होतं: इतरांपेक्षा आपण कशात बरे आहोत ते लिहा. मनापासून कृतज्ञता लिहिणारे त्या काळात इतरांच्या अडचणीत जास्त धावून गेले. तुलना करणाऱ्यांमध्ये ते तेवढं दिसलं नाही. माझ्याही बाबतीत तसंच झालं.

धाकट्या बहिणीचा पाचव्या महिन्यात गर्भपात झाला. तिचा फोन आला, ती बराच वेळ नुसती रडत होती. मी म्हणाले, "अगं, पहिली मुलगी आहे ना पदरात? किती जणींना तेवढंही नसतं. तिच्याकडे बघ."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, तुझं बरोबरच असेल. पण आत्ता मला बरोबर नकोय गं."

त्यानंतर तिचे फोन कमी होत गेले. मला वाटलं, सावरली असेल. खरं तर मी तिच्या दुःखावर झाकण ठेवलं होतं. तिचं रडणं ऐकायचं बळ माझ्यात नव्हतं, आणि ती उणीव मी शहाणपणाच्या गोष्टी सांगून भरून काढली. कृतज्ञता ज्याची त्याला आतून वाटावी लागते. दुसऱ्याला ती सुनावली, की तिचा दट्ट्या होतो.

तिसरी चूक सांगायला मला सगळ्यात जड जातं. आईला सांभाळायला दिवसपाळीला एक मावशी येत. दोन बस बदलून सकाळी वेळेवर हजर असत. आईला कूस बदलून देणं, बेडपॅन, पाठीला पावडर, भरवणं, सगळं त्याच करत. आई चिडून त्यांचा हात झटकायची, तरी त्यांचा आवाज चढायचा नाही. माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा त्यांचाच उल्लेख होता: 'मावशींसारखं माणूस मिळालं, हे भाग्य.'

त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी त्यांचे खाडे मांडत होते. लेकीच्या बाळंतपणाला त्या गावी गेल्या, तेव्हाचे दिवस मी मोजले आणि महिनाअखेरीस पैसे कापून दिले. त्यांनी ते न मोजता कनवटीला लावले. त्या रात्रीही वहीत त्यांचा उल्लेख होताच.

महिन्याचा हिशेब जुळवताना एकदा वही मागून पुढे चाळत गेले, तेव्हा दोन्ही गोष्टी एकामागोमाग डोळ्यांसमोर आल्या. मला स्वतःची लाज वाटली. पगाराला लागल्यापासून मला पगारी रजा मिळते. ती मी कधी उपकार मानलेली नाही. मी राहते त्याच पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी पगारवाढीसाठी आणि रजेसाठी संप केला होता. त्यांची संघटना त्यातूनच उभी राहिली. इतक्या वर्षांनी माझ्या घरात तीच मागणी न बोलता उभी होती, आणि मी वहीत गोड ओळी लिहून निवांत झोपत होते. जे हक्काने द्यायचं, ते न देता मानलेल्या आभारांना काही अर्थ नाही.

मी कापलेले पैसे परत दिले, पगार वाढवला, रविवारची भरपगारी सुट्टी ठरवली. आणि एवढे दिवस कागदावर लिहिलेलं त्यांच्या तोंडावर सांगितलं. बोलताना जीभ अडखळत होती. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानणं परकेपणाचं वाटतं, आणि घरात काम करणाऱ्यांचे मानायचं कोणाला सुचतच नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं, की आभाराचं पत्र लिहिणाऱ्याला समोरचा जेवढा अवघडेल असं वाटतं तेवढा तो अवघडत नाही, आणि त्याला होणारा आनंद लिहिणाऱ्याच्या अंदाजापेक्षा जास्त असतो. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग रविवारी नातवाला बघून येत जाईन." त्यांचा चेहरा खुलला होता.

बहिणीकडे मी चिपळूणला जाऊन राहिले. तिने त्या दिवसांबद्दल सांगितलं, मी मध्ये बोलले नाही. आमच्यातलं सगळं पूर्ववत झालं असं म्हणणार नाही. पण ती आता दुःखाच्या गोष्टीही मला सांगते.

वही मी सोडलेली नाही. आठवड्यातून एकदा लिहिते, थोडं लिहिते. थकवा आणि राग आला असेल तर तोही लिहिते, कारण तो दडपून लिहिलेल्या चांगल्या ओळींनी मला कधीच शांत झोप दिली नाही. माझं मन खरोखर हलकं झालं ते माणसांशी असलेलं नातं सरळ झाल्यावर. म्हणून वहीत कोणाचं नाव आलं, की त्यापुढे एक प्रश्न लिहिते: यांना माझ्याकडून काय मिळालं? उत्तराची जागा कोरी राहिली, तर पुढच्या आठवड्यात करायचं काम मला ठाऊक असतं.