चार तासांचा नेम

आमच्या नातीच्या पाठीच्या कण्यात जन्मतःच उणीव होती. पाठीवरची गाठ पहिल्याच आठवड्यात शस्त्रक्रियेने मिटविली. परंतु मूत्राशयाकडे जाणारे मज्जातंतू पांगळेच राहिले. मूत्राशय लहान व ताठर, लघवीची जाणीव नाही, आणि आत दाब वाढला की लघवी उलट मूत्रपिंडांकडे चढे. नळी आणि औषधे यांवर सात वर्षे निभावली. मग डॉक्टर म्हणाले, मूत्राशय मोठे केल्यावाचून मूत्रपिंडे वाचावयाची नाहीत.

उपाय ऐकून आम्ही दचकलो. लहान आतड्याचा वीतभर तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसह वेगळा करावयाचा, उभा चिरून सपाट करावयाचा आणि मूत्राशय उघडून त्यावर ठिगळासारखा शिवावयाचा. न चिरता तसाच जोडला, तर आकुंचन पावून तोच दाब वाढवितो! शिवाय पॉल मित्रोफानॉफ या फ्रेंच शल्यविशारदांनी १९८० साली मांडलेल्या युक्तीप्रमाणे आंत्रपुच्छाची वाट करून तिचे तोंड बेंबीत आणावयाचे. पुढे नळी तेथूनच घालावयाची.

घरात वाद माजला. आजीचा प्रश्न निराळाच: "बेंबीतून लघवी काढणारी पोर सभामंडपात कशी चालेल?" आम्हांस उत्तर सुचेना. भटमामांना विचारले. ते म्हणाले, "हात धुवून यावे. आणखी काय?"

त्यास आता चार वर्षे झाली. ताप थांबले, मूत्रपिंडे तगली. तथापि 'पोर बरी झाली' असे कोणी म्हटले की आम्ही गप्प राहतो. आतडे कोठेही शिवले तरी आपला स्वभाव सोडीत नाही. बुळबुळीत स्राव सुटतच राहतो. तो मिठाच्या पाण्याने धुवून काढला नाही तर खडे होतात. आणि दर चार तासांनी नळी; हा नेम जन्माचा.

गेल्या जत्रेत पालखीच्या गर्दीत आम्हीच तो चुकलो. सहा तास लोटले. तिला भरल्याची जाणीव होत नाही, म्हणून तीही बोलली नाही; चेहरा मात्र उतरला होता. ताणलेले मूत्राशय फुटले तर जिवावर बेतते, हे आम्हांस पक्के ठाऊक होते, तरीही! धावतच अग्रशाळेत नेले. तिने साबणाने हात धुतले, आमच्याकडे न पाहता दार लावून घेतले. आम्ही बाहेर उभे होतो. ढोल वाजत होते, ते ऐकू येत नव्हते.

थोड्या वेळाने ती बाहेर आली व म्हणाली, "आजोबा, घड्याळ आता माझ्याकडे असू दे."

आम्ही मनगटावरचे सोडून तिच्या हाती दिले. पट्टा फारच सैल होत होता.