जुन्या जाळ्याचं काय करायचं?

तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या धाग्याचं, जाळं फाटेपर्यंत वापरावं, फाटलं की नवं आणावं, असं मी वर्षानुवर्षं मानत होतो. त्यामागे आळस नव्हता, हिशेब होता. करडखेडच्या तलावात संध्याकाळी जाळं लावायचं, पहाटे काढायचं, मासळी सोडवून देगलूरचा बाजार गाठायचा. एवढं झाल्यावर उरलेला दिवस आस, म्हणजे जाळ्याची घरं, सांधण्यात घातला, तर बुडालेली मजुरी नव्या जाळ्याच्या किमतीला भिडते. थोरले चुलते ओसरीवर सुई घेऊन बसलेले दिसले की मी म्हणायचो, "तात्या, कशाला डोळे फोडून घेता? नवं आणू की." ते मान वर न करता विचारायचे, "आन की. मग ह्याला कुठं टाकूलालास?" मी म्हणायचो, टाकू कुठं तरी.

आज्याच्या काळात जाळी सुताची आणि अंबाडीच्या दोऱ्याची होती. सूत म्हणजे जीवाणूंचं खाद्यच. ओलं जाळं ढीग करून ठेवलं की आतून गरम व्हायचं आणि कुजायचं. म्हणून रोज धुवायचं, खडकावर कडक उन्हात पसरायचं, अधूनमधून बाभळीच्या सालीच्या उकळत्या काढ्यात बुडवायचं. सालीतल्या तुरट द्रव्यानं धागा तांबूस व्हायचा आणि जास्त टिकायचा. नायलॉन 1935 साली अमेरिकेत ड्यू पॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांनी तयार केलं. ते आमच्या तलावांपर्यंत पोचलं आणि सालीचं पातेलं चुलीवरून उतरलं. न कुजणाऱ्या धाग्याला जपायचं कशासाठी, हा माझा प्रश्न तिथूनच आला होता.

माझं मत बदललं ते शेतात. 2017 साली राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू झाली आणि आमच्या भागातही उन्हाळ्यात आटलेल्या तलावांचा गाळ वावरात पडू लागला. काळाभोर, सकस गाळ. पण शेजारच्या वावरात त्या गाळातून तंगूस निघाला. रोटाव्हेटरच्या दांड्याला तो इतका करकचून बसला होता की विळ्यानं खरवडून काढावा लागला. एका तुकड्याला शिशाचे मणी तसेच होते आणि आसांमध्ये माशांचे काटे अडकलेले होते. ते जाळं कुणाचं, हे सांगता येत नव्हतं. माझंही असू शकलं असतं.

सुताचं जाळं पाण्यात हरवलं तर ते कुजून मासा सोडून द्यायचं. तंगूस सोडत नाही. मालक विसरला तरी त्याचं जाळं मासे धरत राहतं. अडकलेला मासा खायला दुसरा येतो, तोही अडकतो, मग पाणकावळा, कासव. आणि मराठवाड्यातला तलाव दर उन्हाळ्यात आकसतो. मासेही आणि बुडालेली जाळीही उरलेल्या त्याच डबक्यात एकमेकांजवळ येतात. ज्या रोहू-कटल्याची बोटुकली आम्ही पावसाळ्यात पैसे देऊन सोडतो, तीच मोठी होऊन तिथं फुकट मरते. कुजणाऱ्या धाग्यापेक्षा न कुजणाऱ्या धाग्याची जबाबदारी कितीतरी मोठी आहे, असं आता मी ठामपणे मानतो.

जपायची रीत मात्र जुनी चालत नाही. तात्या नायलॉनचं जाळंही खडकावर उन्हात टाकायचे. सुताचा वैरी ओल होती, नायलॉनचा वैरी ऊन आहे. उन्हातली अतिनील किरणं धागा आतून तोडतात. दिसायला जाळं धड असतं आणि मोठा मासा लागला की फाटतं. मग तेच तळाशी राहतं. आता मी जाळं तलावावरच खळाळून घेतो, शेवाळ आणि खवलं ओली असतानाच काढतो, कारण वाळल्यावर ती धाग्याला चिकटून बसतात. कडुनिंबाच्या सावलीत वारा लागेल असं टांगतो. पूर्ण वाळल्याशिवाय ते दुसऱ्या तलावावर नेत नाही. ओल्या जाळ्यातून एका पाण्याचा रोग दुसऱ्या पाण्यात जातो. घरात ते आढ्याला, चुलीपासून लांब. माशाचा वास राहिला की उंदीर येतात, म्हणून धुण्यात कसूर नाही. बॅटरीच्या पाण्याचा थेंबही त्याला लागू देत नाही. आम्ल नायलॉनला खातं. शिशाचे मणी दातानं दाबायची आमच्याकडे सर्रास सवय आहे. ती सोडा, पकड वापरा, शिसं पोटात जाणं वाईट.

जाड धाग्याचं जाळं सांधायला तात्यांनीच शिकवलं. भोकाच्या कडा वेड्यावाकड्या ठेवून दोरा भरला तर आस लहानमोठे होतात. आधी कडा कापून साफ करायच्या. प्रत्येक गाठीला चार पाय असतात. जिथून सुरुवात करायची आणि जिथं संपवायचं त्या दोन गाठींचे तीन पाय ठेवायचे, एकच कापायचा. हे जमलं की उरलेलं भोक ओळीनं भरत जातं. गाठ आवळताना धागा ओला केला तर ती घट्ट बसते. तात्यांची बोटं हे न बघता करतात.

एका बाबतीत मी अजून पहिल्याच मतावर आहे. अगदी बारीक तंगूस चाळण झाला की सांधण्यात अर्थ नाही. वरची-खालची दोरी, तरंड, शिसं सोडवून ठेवावं आणि त्याच दोऱ्यांवर नवं जाळं चढवावं. उरलेला तंगूस परसबागेच्या कुंपणाला बांधायची पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. उंदरामागे आलेली धामण त्यात अडकते, सुटायला धडपडते तसा धागा खवल्यांखाली रुततो, आणि वेळेवर सर्पमित्र मिळाला नाही तर मरते. जाळायचाही नाही.

मच्छीमार संस्थेच्या बैठकीत नव्या जाळ्यांच्या अनुदानाचा विषय दरवेळी निघतो. येत्या बैठकीत मी जुन्या जाळ्यांचा काढणार आहे. नवं नेताना जुनं आणून द्यावं, संस्थेनं ते वजन करून पोत्यात भरावं, आणि मे महिन्यात पाणी खाली गेलं की गाळ उचलण्याआधी सगळ्या सभासदांनी तलावाचं पात्र चालून काढावं.