गाठ माहीत नव्हती तेव्हा

आमच्या वेळी धाराशिव हे उस्मानाबाद होतं आणि बाईच्या पोटात अंडाशय असतं हे फक्त जीवशास्त्राच्या पुस्तकाला ठाऊक होतं. ते पान सर घरी वाचायला सांगायचे. 2023 साली जिल्ह्याचं नाव बदललं. त्याच्या बऱ्याच आधीपासून कॉलेजातल्या पोरी एसटीची वाट पाहता पाहता ‘मला पीसीओडी आहे’ असं एकमेकींना मोठ्यानं सांगू लागल्या होत्या. आमच्या काळजात अजून धस्स होतं. त्यांना बसचीच काळजी जास्त.

आम्हाला पाळी आली की चार दिवस बाजूला बसवायचे. वेगळं ताट, वेगळा तांब्या, पाठ टेकायला गोणपाट. आज आठवलं तरी संताप येतो. पण त्या अपमानात एक विचित्र सोय होती. कुणाची पाळी कधी आली, कुणाची लांबली, हे सगळ्या घराला कळायचं. सुनेचे दोन महिने चुकले आणि दिवसही गेलेले नाहीत, हे सासूच्या आधी आजेसासू ओळखायची. पुढे बाजूला बसणं सुटलं आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेनाचा बारीक ठिपका आला. तो कशाचा, हे कुणी विचारायचं नाही आणि सगळ्यांना माहीत असायचं.

आता ठिपका मोबाइलमध्ये गेलाय. अ‍ॅप बीज कधी सुटेल याची तारीखसुद्धा सांगतं. मागच्या महिन्यांच्या सरासरीवरून मांडलेला तो अंदाज, ज्यांची पाळी मुळातच अनियमित त्यांच्या बाबतीत हमखास चुकतो. म्हणजे गरज ज्यांना जास्त, त्यांनाच उपयोग कमी. आणि फोनला जे कळतं ते आईला कळत नाही.

मूल राहत नसलं की आमचा रस्ता ठरलेला. तुळजापूर, येरमाळ्याची येडेश्वरी, अणदूरचा खंडोबा. लाल डब्यातून जाऊ, नणंद, मावशी असा सगळा गोतावळा निघायचा. फडक्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. तुळजापुरात कल्लोळ तीर्थावर अंघोळ, भवानीआईची खणानारळानं ओटी, पाळणा बांधायचा नवस, आणि मग चिंतामणी. त्या गोल दगडावर दोन्ही हात टेकवून मनातलं विचारायचं. उजवीकडे फिरला तर होय, डावीकडे फिरला तर नाही, जागचा हलला नाही तर वेळ लागेल.

यातलं तिसरं उत्तर वैद्यकाच्या हिशेबानं काही वाईट नव्हतं. अंडाशयातल्या पाण्याच्या साध्या गाठी बहुतेक वेळा पाळीच्या चक्रातूनच होतात, दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरतात आणि सहसा मूल होण्याच्या आड येत नाहीत. थांबलेल्या कितीतरी जणींना दिवस गेले आणि श्रेय नवसाला मिळालं. पण गर्भाशयाचं अस्तर भलतीकडे वाढून अंडाशयात जुनं, चॉकलेटी रक्त साठलेल्या बाईलाही उत्तर तेच. नळ्या बंद असलेलीलाही तेच. तिच्या घरात दगडाच्या उत्तराची मुदत संपली की सवत यायची. हळदीकुंकवाला तिची ओटी भरायची की नाही, यावर तिच्यासमोरच कुजबुज व्हायची. तिच्यासोबत तुळजापूरला धपाटे खाल्लेल्याच बायका कुजबुजायच्या. नवऱ्याची तपासणी करावी हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मग सोनोग्राफी आली. आधी तांब्यातांब्यानं पाणी प्यायचं आणि मूत्राशय भरेपर्यंत बाकावर बसायचं. ‘लागली का?’ हा तिथला रामराम. अवघडलेल्या त्या तासाभरात परक्या बायका एकमेकींना जे सांगायच्या, ते घरी नवऱ्यालाही सांगत नसत. आता बरेचदा आतून तपासणी करतात, त्यासाठी मूत्राशय रिकामं लागतं. चित्र जास्त स्वच्छ दिसतं. बाक गप्प झालाय.

पीसीओडी असली की पडद्यावर अंडाशयाच्या कडेनं बोरमाळेसारखे बारीक मणी दिसतात. ते गाठी नसतातच, अर्धवट वाढून थांबलेले बीजकोष असतात. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी 1935 साली हे वर्णन केलं. आमच्या जिल्ह्यातल्या सुनांपर्यंत यायला त्याला दोन पिढ्या लागल्या. आता वजन उतरवणं, व्यायाम आणि बीज सुटायला लेट्रोझोल. त्या गोळीवर या वापरासाठी भारतात 2011 मध्ये बंदी आली, 2017 मध्ये ती उठली. पुष्कळ जणींचं एवढ्यावर भागतं, बाकीच्यांसाठी टेस्ट ट्यूब. 6 ऑगस्ट 1986 ला केईएममध्ये टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, तेव्हा आम्ही ती बातमी मुंबईची नवलाई म्हणून वाचली होती.

‘तेव्हा’ आणि ‘आता’ असं बोलताना आम्ही मधला काळ मात्र सोयीनं गाळतो. यंत्र तालुक्याला पोचलं होतं, समजावून सांगणारं माणूस पोचलं नव्हतं. ‘पिशवीला गाठ आहे, कॅन्सर होईल, काढून टाका,’ एवढंच ऐकू यायचं. गाठ अंडाशयाची की गर्भाशयाची, आपोआप जिरणारी की नाही, हे विचारायची छाती कुणाला होती? कळंब, वाशी, भूमकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना तर खाडा परवडत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली. शेजारच्या बीडमध्ये 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आकडे आले: पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. यांना ना नवस मिळाला, ना नीट उपचार. आमच्या गोड आठवणींतही त्या कुठं नसतात.

नाही म्हणायला त्याच अणदुरात डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावोगावच्या बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ केलं. आपल्याच बोलीत समजावणारी, आपल्याच गल्लीतली बाई. आजेसासूचं लक्ष आणि डॉक्टरचं ज्ञान एका जागी आलं ते तिथं.

आता सून नवऱ्याच्या मोटारसायकलवरून सोलापूरला जाते. दोघांच्या दोन फायली असतात. आमच्या पिढीतल्या पुरुषांना ती दुसरी फाइल दाखवायला हवी होती. ‘येऊ का सोबत?’ असं आम्ही विचारतो. ‘कशाला आई, तासाभराचं तर काम,’ ती म्हणते. वाईट वाटतं. पण गेलो असतो तर बाकावर बसून आम्ही शेजारणीला पहिलं काय विचारलं असतं, तेही आम्हाला माहीत आहे: ‘लग्नाला किती वर्षं झाली?’