चकोल्यांची मावसबहीण

ह्यूस्टनला मुलाकडे असतानाची गोष्ट. संध्याकाळी सूनबाईंचा कामावरून फोन : "आई, मला उशीर होईल. टाको पास्ता कराल?" आता मी पडले वरणभातवाली! पण नातू रोज माझ्या पोळीभाजीला नाक मुरडी. म्हटलं, होऊन जाऊ दे परीक्षा.

कृती नातवानेच सांगितली. कांदा-लसूण परतून जिरेपूड, तिखट, ओरेगॅनो घातलं. टेक्सासला मेक्सिकोची हद्द लागून. तिकडच्या चवीने इथे केव्हाच घर केलंय. मग टोमॅटो, शिजलेला राजमा, मका, कच्चा पास्ता आणि तो बुडेल इतकं पाणी. सारं एकाच भांड्यात! पाणी ओतून टाकायचं नाही. पास्त्याच्या पिठानेच रस दाटतो. वर चीज.

मला हसूच आलं. अहो, या तर आमच्या चकोल्या! आमटीत कणीक शिजवायची, वर साजूक तूप.

नातवाने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. म्हणाला, "आजी, उद्या तुझ्या चकोल्या कर."

त्या आनंदात सूनबाईंसाठी काढून ठेवायचं दोघेही विसरलो. बिचारीला वरणभातच वाढला!